मैफलीचा मक्ता

तापीच्या उत्तर तीरावरील बुऱ्हाणपूर नगरास मक्तेदारीची ओळख आजची नाही. फारुकी सुलतानांच्या अमदानीत, आणि पुढे मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे झाल्यावर, सुरतेहून आग्र्याकडे जाणारा माल याच वाटेने जात असे. आणि जेथून माल जातो तेथे जकातीचा इजारदार, नाक्यावरचा कारकून, अडत्या आणि दलाल ही मंडळी कोणी न बोलावता येऊन बसतात. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ साली शाहजादा परवीझ याच्या भेटीस येथे आला, तोही इंग्रजांना वखार घालण्याची परवानगी मागण्यासाठीच. या गावातून बाहेर जाणाऱ्या कापडाला अजून खळ पडलेला नाही. भर पडली आहे ती गाणे ऐकण्यासाठी बाहेर जाणाऱ्या तरुणांची. इंदूर किंवा मुंबई, यांपैकी एका दिशेची गाडी धरल्यावाचून त्यांना मोठी मैफल ऐकायला मिळत नाही, आणि गाडीच्या तिकिटाआधी मैफलीचे तिकीट हाती पडावे लागते. ते तिकीट ज्याच्या हातून घ्यावे लागते त्याच्याविषयी गेल्या दोन वर्षांत देशभर जो संताप उसळला, त्याचा रोख मला अर्धा बरोबर आणि अर्धा चुकीचा वाटतो. तो का, हे सांगण्यासाठी हा लेख.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. त्या दिवशी दुपारी बारा वाजता कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची विक्री बुकमायशो या तिकीटविक्रीच्या संकेतस्थळावर सुरू झाली. नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर १८ आणि १९ जानेवारी २०२५ असे दोन दिवस ठरलेले होते. मागणी पाहून २१ जानेवारीचा तिसरा दिवस त्याच दुपारी वाढवण्यात आला. संकेतस्थळ काही काळ कोलमडले, मग रांग लागली. मात्र ही रांग डोळ्यांना दिसणारी नव्हती, तर पडद्यावर आपला क्रमांक लाखांत दाखवणारी होती. अधिकृत दर अडीच हजारांपासून सुरू होऊन विशेष कक्षासाठी पस्तीस हजारांपर्यंत जात होते. आणि विक्री संपते न संपते तोच तीच तिकिटे पुनर्विक्रीच्या परदेशी बाजारात लाखांच्या भावाने झळकू लागली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्यास चौकशीसाठी बोलावले, कंपनीने उलट काळाबाजार करणाऱ्यांविरुद्ध स्वतःच फिर्याद दिली, सक्तवसुली संचालनालयाने ऑक्टोबरमध्ये अनेक शहरांत छापे घातले, आणि एका वकिलाने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. १० जानेवारी २०२५ रोजी ती फेटाळली गेली. धोरण आखणे हे विधिमंडळाचे काम, न्यायालयाचे नव्हे, असा तिचा निकाल. कायद्याच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. परंतु न्यायालयाच्या पायरीवरून विधिमंडळाकडे धाडलेली गाऱ्हाणी तेथे केव्हा पोहोचतात हे ज्यांनी दफ्तरांत उमेदवारी केली आहे त्यांना सांगावयास नको.

आता प्रश्न असा की मक्ता नेमका वसतो कोठे. सर्वसाधारण समजूत अशी की तो खिडकीत वसतो: विकणारा एकच आहे, म्हणून तो लुटतो, दुसरा विकणारा आणून बसवावा म्हणजे लूट थांबेल. दुसरा विकणारा तर आलाही आहे. झोमॅटोने २०२४ च्या ऑगस्टमध्ये पेटीएमचा तिकीटविक्रीचा धंदा २,०४८ कोटी रुपयांस विकत घेतला आणि डिस्ट्रिक्ट नावाने तो नव्याने मांडला. त्याच वर्षी गायक दिलजीत दोसांझच्या दौऱ्याची तिकिटे झोमॅटोने विकली, आणि काळाबाजाराची ओरड तेथेही तशीच झाली. खिडक्या दोन झाल्या म्हणून रांगेतल्या माणसाच्या खिशाला काही फरक पडला नाही, कारण एका कार्यक्रमाचे तिकीट दोन्ही खिडक्यांवर मिळत नाही. ज्या खिडकीशी करार झाला तीच त्या रात्रीपुरती एकमेव खिडकी. मक्ता खिडकीत नाही, करारात आहे. आणि त्या करारावर ज्यांच्या सह्या असतात त्यांत श्रोता नसतो.

येथे इतिहासातील एक प्रकरण आठवते, आणि ते या प्रांताला परके नाही. १६३३ साली शाहजहानने साम्राज्यातील नीळ विकण्याचा मक्ता मनोहरदास नावाच्या एका व्यापाऱ्यास दिला. त्या काळी नीळ हा युरोपच्या व्यापाराचा प्राण होता. मक्तेदार सांगेल तो भाव द्यावा लागणार हे उघड होते. तेव्हा एरवी एकमेकांचे गळे धरणाऱ्या इंग्रज आणि डच कंपन्यांनी आपसात तहनामा केला की ठरावीक भावापलीकडे कोणीही नीळ घ्यायची नाही. नीळ कोठारात पडून राहिली, आणि १६३५ च्या सुमारास मक्ता रद्द झाला. बादशहाचे फर्मान दोन वखारवाल्यांच्या संयमापुढे टिकले नाही. बहिष्काराचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही, आणि ते यशस्वी होण्याची कारणेही स्वच्छ आहेत: मोठे घेणारे दोनच होते, दोघेही थांबू शकत होते, आणि एक थांबला तर दुसरा फुटणार नाही याची खात्री कागदावर होती.

मैफलीच्या श्रोत्याजवळ यांपैकी एकही गोष्ट नाही. त्या रविवारी रांगेत असलेल्यांची संख्या कोटीच्या पलीकडे होती. त्यांनी आपसात तहनामा करावा तो कसा? शिवाय ज्याने न घेण्याचा निश्चय केला त्याची जागा मागचा माणूस त्याच क्षणी घेतो, म्हणजे निश्चयाची शिक्षा निश्चय करणाऱ्यालाच. नीळ पुढच्या वर्षीही मिळते, २१ जानेवारीची रात्र २२ जानेवारीस मिळत नाही. खरे पाहता नाशवंत माल विकणाऱ्याने घाबरावयास हवे, भाजीवाला संध्याकाळी घाबरतो तसे. पण येथे नाशाचे भय विकणाऱ्यास न वाटता घेणाऱ्यास वाटते, आणि सगळा सौदा त्या भयावर उभा राहतो. म्हणून श्रोत्यांना बहिष्काराचा उपदेश करणारे लेख वाचले की मला त्यांच्या सदिच्छेविषयी आदर वाटतो आणि व्यवहारज्ञानाविषयी शंका. या व्यवहारात इंग्रज-डचांची भूमिका घेऊ शकेल असा, संख्येने थोडा, थांबू शकणारा आणि ज्याच्या थांबण्याने कोठार बंद पडते असा घटक एकच आहे, आणि तो कलावंत.

श्रोत्यांनी मक्ता कधी मोडलाच नाही असे मात्र नाही. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. गृहस्थ मराठी, संगीताचे जाणते, आणि चित्रपटगीतांविषयी मनात कमालीचा तिटकारा बाळगणारे. आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. देशात दुसरे नभोवाणी केंद्र काढण्याची कोणास मुभा नव्हती, तेव्हा मक्ता संपूर्ण होता. श्रोत्यांनी मोर्चे काढले नाहीत, याचिका केल्या नाहीत. त्यांनी काटा फिरवला. रेडिओ सिलोनचा आवाज समुद्रापलीकडून येत होता, आणि बिनाका गीतमालेच्या वेळी अमीन सयानींचा आवाज घरोघरच्या पेट्यांतून ऐकू येऊ लागला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून सरकारने अखेर आपला पराभव एका नव्या सेवेच्या नावाखाली मान्य केला. केसकरांनी शास्त्रीय संगीतासाठी जे केले ते मोठे होते, आणि त्यांची चेष्टा करणाऱ्यांनी ते सहसा वाचलेले नसते. परंतु श्रोत्याला पर्याय असला की मंत्र्याच्या अभिरुचीचेही काही चालत नाही, हे त्यांच्या कारकिर्दीने सिद्ध केले.

पर्याय नसला म्हणजे काय होते हे आमच्या शेजारच्या खंडव्याने पाहिले. खंडव्यात जन्मलेल्या किशोर कुमारांनी आणीबाणीत सरकारच्या वीस कलमी कार्यक्रमासाठी गाण्यास नकार दिला, आणि ४ मे १९७६ पासून त्यांची गाणी आकाशवाणी व दूरदर्शनवर बंद झाली. देशातील सर्वांत लोकप्रिय गायक एका परिपत्रकाने अदृश्य झाला, आणि ते परिपत्रक मागे गेले ते गायकाच्या लोकप्रियतेमुळे नव्हे, आणीबाणी संपल्यामुळे. एकटा कलावंत कितीही मोठा असला तरी माध्यमाच्या मालकापुढे तो एकटाच.

ही गोष्ट ध्यानात ठेवून अमेरिकेकडे वळावे, कारण तिकीटविक्रेत्यास वाद्यवृंदाने उघड आव्हान दिल्याचे सर्वांत गाजलेले प्रकरण तेथले आहे. सिएटलचा पर्ल जॅम हा वाद्यवृंद १९९४ साली कीर्तीच्या शिखरावर होता. त्यांची मागणी साधी होती: तिकीट वीस डॉलरच्या आत असावे आणि विक्रेत्याची वरकड आकारणी १ डॉलर ८० सेंटच्या वर जाऊ नये. टिकिटमास्टर या बड्या तिकीटविक्रेत्या कंपनीने ती मानली नाही. मे महिन्यात वाद्यवृंदाने न्याय खात्याकडे तक्रार गुदरली, उन्हाळ्याचा दौरा सोडून दिला, आणि ३० जून १९९४ रोजी वाद्यवृंदातील स्टोन गोसार्ड आणि जेफ एमेंट हे दोघे प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीपुढे साक्षीस बसले. पुढच्या वर्षी त्यांनी टिकिटमास्टरशी करार नसलेल्या जागा शोधून दौरा काढण्याचा प्रयत्न केला, आणि तेथे त्यांना मक्त्याचे खरे स्वरूप कळले. मोठी सभागृहे आणि क्रीडांगणे वर्षानुवर्षांच्या करारांनी बांधलेली. उरल्या त्या जत्रेची मैदाने आणि आडगावच्या मोकळ्या जागा. जुलै १९९५ मध्ये न्याय खात्याने चौकशी गुंडाळली, आणि काही वर्षांतच वाद्यवृंद मुकाट्याने जुन्या खिडकीकडे परतला.

हा पराभव झाला कसा याचा विचार जितका व्हावा तितका झालेला नाही. टिकिटमास्टरची रीत अशी होती की सभागृहाच्या मालकाला आगाऊ रक्कम द्यावयाची, वरकड आकारणीतला हिस्सा त्याला तोडून द्यावयाचा, आणि मोबदल्यात काही वर्षांचा अनन्य करार पदरात पाडून घ्यावयाचा. श्रोता ज्या आकारणीच्या नावाने बोटे मोडतो ती पूर्णपणे विक्रेत्याच्या गल्ल्यात पडत नाही. तिचे वाटेकरी अनेक. विक्रेता त्या सर्वांच्या वतीने शिव्या खातो, आणि शिव्या खाण्याची ही दस्तुरीही त्याला मिळते. पर्ल जॅमने विक्रेत्याविरुद्ध युद्ध पुकारले, पण त्याच्या पाठीशी उभी असलेली वाटेकऱ्यांची फळी त्यांना दिसली ती रणांगणात उतरल्यावर, आणि समव्यवसायी मोठमोठे वाद्यवृंद सहानुभूती दाखवून घरी बसले. दोन कंपन्यांचा तहनामा तेथे झाला नाही. पुढे २०१० मध्ये टिकिटमास्टर आणि कार्यक्रम भरवणारी लाइव्ह नेशन ही कंपनी एक झाल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये टेलर स्विफ्टच्या दौऱ्याची विक्री कोसळली, चाहत्यांनी दावे ठोकले, जानेवारी २०२३ मध्ये सिनेटच्या समितीने जाबजबाब घेतले, आणि २३ मे २०२४ रोजी अमेरिकेच्या न्याय खात्याने कंपनी विभक्त करण्याच्या मागणीसह दावा गुदरला. जे काम एका वाद्यवृंदाला तीस वर्षांपूर्वी साधले नाही त्यास हात घालण्यासाठी सरकारलाच उतरावे लागले.

आमच्याकडचे चित्र याहून फार निराळे नाही. हैदराबादच्या एका छोट्या तिकीटविक्रेत्याने चित्रपटगृहांशी होणाऱ्या अनन्य करारांविषयी आणि त्यापोटी दिल्या जाणाऱ्या ठेवींविषयी तक्रार केली, आणि जून २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने प्रथमदर्शनी तथ्य मानून बुकमायशोविरुद्ध चौकशीचा आदेश दिला. म्हणजे रोगाचे निदान येथेही करारापाशीच येऊन ठेपते. कोल्डप्लेच्या प्रकरणात तर आणखी एक पदर होता: कार्यक्रम भरवणारा आणि तिकीट विकणारा एकच. पूर्वीच्या भाषेत सांगावयाचे तर बाजार भरवणारा, बाजारात बसणारा आणि बाजाराचे माप राखणारा, तिघेही एकाच वाड्यात राहणारे.

आता कलावंताकडे यावे. ८ डिसेंबर २०२४ रोजी दिलजीत दोसांझचा कार्यक्रम आमच्या जवळच्या इंदुरात झाला. तेथे त्यांनी शायर राहत इंदौरींचे स्मरण केले, आणि काळाबाजाराच्या आरोपाला जाहीर उत्तरही दिले. त्याचा आशय असा: दहाचे तिकीट कोणी शंभराला विकले तर त्यात कलावंताचा काय दोष? आपल्या देशात सिनेमा आल्यापासून हे चालत आले आहे. वस्तुस्थिती म्हणून हे विधान खोटे नाही. चित्रपटगृहाबाहेर कुजबुजत ब्लॅक करणारा पोऱ्या ज्याने पाहिला नाही असा मनुष्य माझ्या पिढीत सापडणे कठीण. पण युक्तिवाद म्हणून ते मला पटत नाही. सिनेमाच्या नटाला चित्रपटगृहाशी करार करावा लागत नव्हता; मैफलीच्या गायकाला करावा लागतो. किती तिकिटे खुल्या विक्रीस येतील, किती पुरस्कर्त्यांच्या पाहुण्यांसाठी आणि क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँकांच्या ग्राहकांसाठी आधीच बाजूला काढली जातील, तिकीट नावावर असेल की हस्तांतरणीय, वरकड आकारणी किती: या साऱ्या गोष्टी कार्यक्रम जाहीर होण्यापूर्वी ठरतात, आणि त्या ठरत असताना ज्याच्या नावावर कार्यक्रम विकला जाणार त्याचा शब्द त्या खोलीत सर्वांत जड असतो. तो शब्द त्याने उच्चारला नाही तर दोष नसेलही, पण जबाबदारी उरतेच.

हे केवळ उपदेशाचे बोलणे नव्हे. २०२३ च्या मार्चमध्ये द क्युअर या इंग्लिश वाद्यवृंदाचा गायक रॉबर्ट स्मिथ याने अमेरिकेच्या दौऱ्याची तिकिटे स्वस्त ठेवली, मागणीप्रमाणे भाव चढवण्याची पद्धत नाकारली, आणि जेथे कायद्याने शक्य होते तेथे हस्तांतरण बंद केले. मग असे दिसले की काही श्रोत्यांना तिकिटाच्या किमतीहून आकारणीच जास्त पडली आहे. स्मिथने ते जाहीरपणे दाखवून दिले, आणि टिकिटमास्टरने सर्वांत स्वस्त तिकिटांमागे दहा व इतरांमागे पाच डॉलर परत केले. रक्कम क्षुल्लक, परंतु तिने एक गोष्ट उघड केली की ही आकारणी निसर्गनियम नव्हे. मागितले तर तीत घट होते. गार्थ ब्रूक्स या गायकाची तऱ्हा आणखी सरळ: एका गावी तिकिटे संपली की तो त्याच गावी आणखी खेळ लावी, इतके की दलालाच्या हातचा साठा त्याच्याच गळ्यात पडावा. प्रत्येकाला हे परवडेल असे नाही. जगभर फिरणाऱ्या वाद्यवृंदाला एका शहरात आठवडाभर मुक्काम करणे शक्य नसते. म्हणून प्रत्येक कलावंतास एकाच गजाने मोजणे अन्यायाचे होईल. तरीही कमी किमतीचा मोठेपणा आपल्याकडे आणि काळ्या बाजाराची बदनामी विक्रेत्याकडे, ही वाटणी सोयीची आहे एवढे तरी कलावंताने मान्य करावे.

विक्रेत्याच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत, आणि ते बुऱ्हाणपूरकरानेच बोलावे हे उचित. मुंबईच्या नाट्यगृहाच्या खिडकीवर प्लॅन उघडण्याची वाट पाहत उभे राहणे हे दादर-गिरगावच्या माणसाला शक्य होते. येथल्या माणसाला मुंबईत एखादा मावसभाऊ असल्यावाचून तिकीट मिळत नसे, आणि मावसभावाच्या उपकाराची दस्तुरी पुढे अनेक वर्षे फेडावी लागे. दूरच्या गावातील श्रोत्याला ज्याने खिडकी घरात आणून दिली त्याने सेवेचे दाम मागणे हा गुन्हा नव्हे. महाराष्ट्र सरकारने २०१३ आणि २०१४ च्या आदेशांनी चित्रपटगृहांना ऑनलाइन तिकिटावर सोयीची आकारणी घेण्यास मनाई केली होती. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले, आणि धंदा कसा करावा हे कायद्याच्या आधारावाचून फतव्याने ठरवता येत नाही हे दाखवले. निकाल योग्यच वाटतो. आकारणीवर बंदी घालणे म्हणजे तापाच्या मापकावर बंदी घालण्यासारखे आहे. आकारणी राहू द्यावी. पण ती किती, तिचे वाटेकरी कोण, हे तिकिटावर छापले जावे.

मराठी रंगभूमीला हा प्रश्न मुळीच नवा नाही. संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळी गायक नट स्वतःच मंडळीचे मालक होत. १९१३ साली बालगंधर्व, गणेश गोविंद बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली, तेव्हा गाणे, पडदे, भरजरी वस्त्रे आणि तिकिटाचा गल्ला ही सारी एकाच छपराखाली आली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शाबरोबर संयुक्त ‘मानापमान’ झाला, तो दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी स्वतःहून ठरवून. मधल्या मक्तेदाराची परवानगी घ्यावी लागली नाही. मात्र या स्वातंत्र्याचे गोडवे गाताना गंधर्व मंडळी कर्जात किती खोल बुडाली हेही सांगणे प्राप्त आहे. गल्ला ताब्यात असणे आणि हिशोब ताब्यात असणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, आणि उत्तम गळ्याबरोबर दुसरी विद्या आपोआप येत नाही. पुढे कंत्राटदार आले, नटाला ठरलेली नाइट मिळू लागली, डोक्याची कटकट गेली आणि तिच्याबरोबर गल्ल्याची किल्लीही गेली.

म्हणून अलीकडच्या एका उद्योगाकडे मी विशेष लक्ष देऊन पाहतो. बारा हजारांहून अधिक प्रयोग केलेले, गाते नट आणि अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेचे अध्यक्ष प्रशांत दामले यांनी मराठी नाटकांसाठी ‘तिकिटालय’ हे स्वतंत्र तिकीटविक्रीचे साधन उभे केले. जगभरच्या कलावंतांनी विक्रेत्याविरुद्ध भाषणे केली, साक्षी दिल्या. येथे एका नटाने दुकानच मांडले. मोठ्या विक्रेत्याच्या पसाऱ्यापुढे ते लहान आहे, आणि परदेशी वाद्यवृंदाचा क्रीडांगण भरणारा कार्यक्रम त्यावर कधी विकला जाईल असे मला वाटत नाही. पण नाटकाच्या धंद्यात एक फायदा असा की नाट्यगृहे बहुतांशी महापालिकांची आहेत. त्यांच्यावर कोणा एका विक्रेत्याचा अनन्य करार लादणे त्यामानाने अवघड, आणि निर्माते संघटित. पर्ल जॅमला जी गोष्ट सापडली नाही, म्हणजे बांधील नसलेली जागा, ती मराठी नाटकाजवळ आयतीच आहे. तिकिटालयासमोरचा खरा धोका बाहेरचा नाही: उद्या ते यशस्वी झाले आणि नाट्यगृहांशी अनन्य करार करू लागले तर आजचे आव्हानवीर हेच उद्याचे इजारदार ठरतील, आणि त्यांना तसे न होऊ देण्याचे काम त्यांच्याच संघटनेला करावे लागेल.

बुऱ्हाणपूरसारख्या गावांना या साऱ्यातून काय मागता येईल? क्रीडांगणाची मागणी व्यर्थ आहे. पण राज्य सरकार आणि नगरपालिका ज्या मैदानांची परवानगी देतात, ज्या बंदोबस्ताची फी घेतात, त्या परवान्यात दोन अटी घालणे त्यांच्या अधिकारात बसू शकते: एकूण आसनांपैकी किती तिकिटे खुल्या विक्रीस ठेवली याचा जाहीर आकडा, आणि त्या मैदानावर कोणाही एका विक्रेत्याचा वर्षानुवर्षांचा अनन्य करार नसणे. इंदूरच्या कार्यक्रमाला परवानगी देणाऱ्या दफ्तरात असा एक कागद जोडला गेला असता, तर दहाचे तिकीट शंभराला कोण विकतो या प्रश्नाच्या आधी मुळात दहाची तिकिटे किती होती हे कळले असते. आणि गायकालाही व्यासपीठावरून ‘माझा काय दोष’ असे विचारण्यापूर्वी तो आकडा वाचून पाहावा लागला असता.